दुसरी ओळ

ज्या दिवसाबद्दल लिहायचं म्हणून मी आज बसले आहे, त्या दिवशी आमच्याकडे सुकटीचं सालन होतं, आणि त्यानंतर मी सुकट खाल्लेली नाही. सासरी सगळ्यांना वाटतं, परदेशात वाढलेली पोरगी, हिला वास सोसत नाही. वास मला अजून आवडतो. शेजारी कुणी तव्यावर सुकट भाजायला घेतली की मी खिडकीशी जाऊन उभी राहते. नवऱ्याला एकदा सांगायला गेले, तर तो हसत म्हणाला, "एवढं काय गो, कुणाचा खून केलास काय?" मी "नाही" म्हटलं आणि चहा ठेवला.

आम्ही सौदीत हफ्रला राहायचो. हफ्र अल बातिन हे पूर्ण नाव, पण ते फक्त इकाम्यावर, राहायच्या परवान्यावर. रस्त्यावरून दिवसभर लष्कराचे ट्रक जायचे आणि प्रत्येक ट्रकसरशी कपाटातले स्टीलचे डबे किणकिणायचे. खिडक्यांना ऊन लागू नये म्हणून आतून चांदीचा कागद चिकटवलेला, त्यामुळे घरात सकाळ, दुपार, संध्याकाळ सारखीच, ट्यूबलाइटच्या रंगाची. हॉलमधला जुना एसी मधूनच घशात काही अडकल्यासारखा थांबायचा. तो थांबला की आम्ही तिघंही हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघायचो, आणि पुन्हा घरघरायला लागला की अम्मी म्हणायची, "अल्हम्दुलिल्लाह." तिघं म्हणजे अब्बा, अम्मी आणि मी. अब्बा एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन होते. मी दहावी झाले होते, बारावी घरी बसून बाहेरून करत होते, आणि त्यापुढे काय, हा प्रश्न अम्मीनं गावच्या मावशीवर सोपवला होता. मावशीकडे उत्तर तयार होतं. तिच्या दिराचा मुलगा. दाभोळच्या खाडीत त्याच्या दोन होड्या होत्या आणि शिकलेली बायको त्याला चालणार नव्हती. म्हणजे आमचा मुक्काम हफ्रहून हलला की माझं शिक्षण संपलं, हे मला ठाऊक होतं, अब्बांना ठाऊक होतं, आणि अम्मी ठाऊक नसल्याचं दाखवायची.

आणि हलायची वेळ जवळ येत चालली होती. त्या वर्षांत सगळ्या परदेशी माणसांच्या तोंडी एकच शब्द होता, सौदायझेशन. जी कामं बाहेरची माणसं करतात ती एकेक करून तिथल्या मुलांच्या हातात द्यायची. त्यात चूक काय, मुलूख त्यांचा, असं अब्बा बाहेर म्हणायचे. घरात आम्ही तो शब्द उच्चारत नसू. अम्मी नुसतं "ते" म्हणायची. "ते भाजीबाजारात आलं म्हणे." "ते सोनारांच्या दुकानात शिरलं." जणू काही ते पायांनी चालत येत होतं आणि कुठल्या गल्लीपर्यंत पोचलं एवढंच विचारायचं होतं. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात एखाद्या सकाळी फ्रिज, गाद्या, बाळाची तीनचाकी मांडलेली दिसली की समजायचं, कुणाला तरी खुरूज लागला. खुरूज म्हणजे पासपोर्टवरचा कायमचं जाण्याचा शिक्का. तळमजल्याचे केरळचे टेलर गेले, समोरचे हैदराबादचे लॅबवाले गेले. लॅबवाल्यांच्या सामानातून अम्मीनं एक प्रेशर कुकर घेतला आणि घरी आणल्यावर तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तो तिनं कधी चुलीवर चढवलाच नाही. "जाणाऱ्याच्या घरचा आहे," म्हणाली. तो कुकर माळ्यावरून आमच्याकडे बघत बसला.

माझ्यापुरतं म्हणाल तर मला बाहेर काय चाललंय याची फारशी फिकीर नव्हती, कारण माझ्याकडे कॉम्प्युटर होता. बाहेर एकटीनं जायचं नाही, मैत्रिणी निम्म्या परत गेलेल्या, मग करायचं काय? दवाखान्यानं टाकून दिलेलं एक यंत्र अब्बांनी घरी आणलं होतं. त्यावर चोरून उतरवलेली विंडोज होती ती व्हायरसांनी सडली, तेव्हा एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी लिनक्स घातलं. फुकट, खुलं, आतलं सगळं ज्याला बघायचं त्यानं बघावं, बदलायचं त्यानं बदलावं. माझं त्या वेळचं डोकं असं होतं की एखादी गोष्ट पटली की मी तिची मौलवीच व्हायची. लिनक्सला नव्यानं आलेल्या लोकांना मदत करणारा एक फोरम होता, त्यावर मी "सुरमई" नावानं बसायला लागले. कुणाचा आवाज येत नाहीये, कुणाचा प्रिंटर हलत नाही, कुणाची स्क्रीन काळी. मी मुलगी आहे, सतरा वर्षांची आहे, आणि एका हातानं भाकरीचं पीठ मळत उत्तर देते आहे, हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. माझ्या प्रत्येक उत्तराची सुरुवात ठरलेली: "घाबरू नका. काहीही हरवलेलं नाही." नवीन माणूस सगळ्यात आधी घाबरलेला असतो, त्याला आधी धीर द्यायचा, मग आज्ञा. आणि शेवटी, विषय असो नसो, मी एका गोष्टीला शिव्या घालायची. ती म्हणजे बंद ड्रायव्हर.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दोन ओळींत आटपते. पडद्यावर चित्र उमटवायला यंत्रात एक कार्ड असतं, आणि ते कार्ड चालवायला ड्रायव्हर नावाचा एक प्रोग्रॅम लागतो. कार्ड बनवणाऱ्या कंपन्या तो फुकट द्यायच्या, पण कुलूपबंद. आत काय आहे ते दाखवायच्या नाहीत. बाकीची सगळी सिस्टीम उघडी आणि मधोमध ही एक बंद पेटी. सिस्टीमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो नवा आला की या पेटीचं आणि त्याचं पटेनासं व्हायचं, आणि यंत्र सुरू केलं की काळी स्क्रीन. उघडा ड्रायव्हरही असायचा, लोकांनी अंदाजानं लिहिलेला, पण सगळ्या पडद्यांना तो पुरा पडायचा नाही.

आता मूर्खपणा माझा. दवाखान्यात एक्स-रे फिल्मवर काढायचं बंद होऊन कॉम्प्युटरवर बघायचं सुरू झालं, तेव्हा कफील, म्हणजे दवाखान्याचा मालक, हात आखडणारा, त्याला सगळं स्वस्तात हवं होतं. मी अब्बांच्या मागे लागले आणि त्यांनी माझ्या सांगण्यावरून ती सगळी यंत्रं लिनक्सवर नेली. मी घरून कागदावर लिहून द्यायची, ते तिकडे करायचे. एक्स-रे बघायचे पडदे मात्र खास होते, दोन उभे, राखाडी रंगाचे, आणि ते त्या बंद ड्रायव्हरशिवाय हलत नव्हते. म्हणून मी नाक मुरडत तो घातला. पहिल्यांदा कर्नल बदलला तेव्हा दोन्ही पडदे काळे झाले आणि अब्बा दुपारच्या सुट्टीत घामाघूम होऊन घरी आले. मी त्यांना म्हटलं, "घाबरू नका अब्बा, काहीही हरवलेलं नाही. यंत्र सुरू होतानाच एस्केपची कळ दाबा. यादी येईल. पहिली ओळ नव्या कर्नलची. दुसरी ओळ जुन्याची. दुसरी निवडायची, झालं." अब्बांनी ते त्यांच्या निळ्या वहीत मराठीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांना लोक इंजिनिअर म्हणायला लागले. त्या आठवड्यात ते जिना चढताना शीळ घालायचे.

मग माजिद आला. कफीलनं सांगितलं, हा तुमच्या हाताखाली वर्षभर शिकेल. पुढचं वाक्य कफील बोलला नाही, कारण ते सगळ्यांना पाठ होतं. माजिद बावीस-तेवीसचा, इतका अदबशीर की त्याचा राग करायचीसुद्धा सोय नव्हती. रोज सकाळी थर्मासमधून कहवा आणायचा, अब्बांच्या आधी घोट घ्यायचा नाही. "या उस्ताद", म्हणजे अहो गुरुजी, असं म्हणायचा. ईदला त्याच्या आईनं आमच्याकडे मामूलची मोठी थाळी पाठवली, खजूर भरलेल्या त्या नक्षीदार बिस्किटांची. अम्मीनं थाळी रिकामी परत पाठवायची नाही म्हणून सांदणं केली, आणि ती वाफवताना रडली. "पोरगं चांगलं आहे गो," ती म्हणाली. "वाईट असतं तर बरं झालं असतं."

आता इथे एक रीत सांगायला हवी, जी कुठल्या करारात लिहिलेली नव्हती, पण आमच्यातला प्रत्येक माणूस पाळायचा. तिला चावी म्हणायचे. आपल्या जागी येणाऱ्याला सगळं शिकवायचं, मनापासून शिकवायचं, पण एक गोष्ट हातची ठेवायची. एसीवाल्याकडे एक स्क्रू असायचा जो त्याच्याशिवाय कुणाला सापडायचा नाही. लॅबवाल्यांकडे कुठल्यातरी मिश्रणाचं माप होतं. कधी ना कधी काम अडायचं, मग मालक धावत यायचा, आणि इकामा आणखी एक वर्ष पुढे सरकायचा. लबाडी म्हणा, पोट म्हणा. अब्बांनी माजिदला सगळं शिकवलं. छातीचा फोटो कसा घ्यायचा, रडणाऱ्या मुलाला स्थिर कसं ठेवायचं, पडदे कसे पुसायचे. दुसरी ओळ शिकवली नाही.

मला ते कळलं तेव्हा मी जेवता जेवता भांडले. मी तशी फटकळच. म्हटलं, "अब्बा, हे त्या कंपनीसारखंच झालं. आतलं दाखवायचं नाही!" अब्बा शांतपणे भाकरी मोडत होते. म्हणाले, "मग? कंपनी शहाणी आहे. आतलं दाखवलं की बाहेरचा रस्ता."

"पण ज्ञान वाटल्यानं..."

"तुझं ज्ञान फुकट आहे गो," ते म्हणाले, "कारण भाकरी मी आणतो." त्यांचा आवाज चढला नव्हता. अम्मीनं माझ्या ताटात आणखी भात वाढला, म्हणजे गप्प बस. मी भात कालवायला घेतला. ज्ञान वाटायचं म्हणून मी एकच केलं होतं, तेही आधीच, यंत्रं लावून दिली तेव्हा. दवाखान्यातल्या प्रत्येक यंत्रावर ब्राउझर उघडला की पहिलं पान आमच्या फोरमचं दिसेल असं मी लिहून दिलं होतं आणि अब्बांनी ते निमूट करून ठेवलं होतं. कुणी अडलं तर विचारेल, एवढाच भाबडेपणा. अब्बा ते विसरूनही गेले होते.

वर्ष संपायला महिना उरला. अब्बांची शीळ बंद झाली होती. एका संध्याकाळी ते उशिरा आले, हातपाय धुतले आणि मला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो कर्नल नवा आलाय म्हणालीस ना परवा?" मी "हो" म्हटलं. ते म्हणाले, "घातला आज. उद्या सकाळी यंत्र सुरू होईल तेव्हा लागेल." मी पुस्तकातून डोकंही वर केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत. अंगात ताप आहे, म्हणाले. अम्मीनं कपाळाला हात लावला, मग स्वतःच्या कपाळाला लावून बघितला. बाहेर सकाळपासून वाळू उडत होती. दाराखालच्या फटीत ओलं फडकं सारलं तरी जिभेवर खरखर लागत होती आणि चांदीच्या कागदामागचा उजेड हळदीसारखा पिवळा पडला होता. दहाला फोन वाजला. अब्बा म्हणाले, "निजलेत म्हणून सांग." अम्मीनं सांगितलं. पलीकडे माजिद होता, त्यानं दुवा दिली आणि ठेवला. साडेअकराला पुन्हा वाजला, तेव्हा अब्बा म्हणाले, आता उचलू नका.

दुपारी जेवायला बसलो. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीचं सालन, गावाहून आलेलं कैरीचं लोणचं. ताप आलेल्या माणसाला हे असं जेवण, पण अम्मीनं वाढलं आणि अब्बांनी घेतलं. सव्वादोनला फोन वाजायला लागला आणि थांबेना. वाजून वाजून बंद पडायचा, आपण घास उचलावा तेवढ्यात पुन्हा. त्या घरात फोनचा आवाज मोठा होता, अम्मीला स्वयंपाकघरात ऐकू यावा म्हणून तसा लावलेला. अब्बा हळूहळू चावत होते. एकदा अम्मी म्हणाली, "काही तरी झालं असेल हो." अब्बा म्हणाले, "काय व्हायचंय? दोन-चार खोकल्याचे फोटो अडकले असतील. अडकू देत. एक दिवस अडकले तर काही मरत नाही कुणी." मग पुन्हा घंटा. पुन्हा. आदल्या संध्याकाळचं ते वाक्य आता मला आठवलं होतं, उद्या सकाळी यंत्र सुरू होईल तेव्हा लागेल. मी अब्बांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. लोणच्याची फोड बाजूला सारत ते म्हणाले, "सबू, नेट लाव गो. लाइन गुंतली की वाजायचा थांबेल."

तेव्हा नेट फोनच्याच तारेवरून यायचं. मी हात धुतले आणि नेट लावलं. मोडेमनं नेहमीची किरकिर केली आणि घर गप्प झालं. सवयीनं मी फोरम उघडला. सगळ्यात वर एक नवा प्रश्न होता, दोन चाळीसला टाकलेला, म्हणजे पाच मिनिटांपूर्वीचा. नाव अनोळखी, इंग्रजी मोडकं. दोन उभे राखाडी पडदे आहेत, दोन्ही काळे. इंजिनिअर आजारी आहेत, फोन उचलत नाहीत. शिक्षिकांच्या गाडीला अपघात झाला आहे. मोठ्या हॉस्पिटलमध्ये जागा नाही म्हणून एकीला आमच्याकडे आणलं आहे. डॉक्टरांना फोटो दिसत नाही. मी नवीन आहे. कृपा करा, भाऊ असा की बहीण.

वस्त्यांवरच्या शाळांत शिकवायला जाणाऱ्या त्या बायका आम्हाला ठाऊक होत्या. पहाटे अंधारात व्हॅन यायची, दुपारी परत यायची, दोन-दोनशे किलोमीटर. अम्मी म्हणायची, बिचाऱ्यांचा निम्मा जन्म रस्त्यात. मी प्रश्न दोनदा वाचला. माजिदच होता तो, पडद्यांवरून ओळखला. उत्तर तीन ओळींचं होतं. एस्केप दाबा, यादी येईल, दुसरी ओळ निवडा. टाइप करायला मला मिनिटसुद्धा लागलं नसतं. मी मागे वळून बघितलं. अब्बा पाट भिंतीला टेकून ठेवत होते. त्यांची पाठ मला दिसत होती, बनियनवर दोन भोकं पडलेली. मी नाही टाइप केलं.

इथे मला स्वतःला चांगलं दाखवायचा मोह होतो. म्हणावंसं वाटतं की मी गोंधळले, सुन्न झाले. काही सुन्न नव्हते. मला अगदी स्पष्ट दिसत होतं: उत्तर दिलं की माजिद पास, अब्बांना खुरूज, मला दाभोळ आणि त्या दोन होड्या. आणि आज संध्याकाळपर्यंत पडदे काळे राहिले तर कफील स्वतः गाडी घेऊन दाराशी येईल. मी अब्बांना हाक मारून सांगूही शकले असते, की बाई आली आहे, अपघातातली आहे, खोकल्याचे फोटो नाहीत. तेही केलं नाही. मनाशी म्हटलं, डॉक्टर आहेत तिथे, बघतील काय ते. असरची अजान झाली. अब्बांनी आतल्या खोलीत मुसल्ला पसरला. माझ्या मागे त्यांच्या नमाजचा पुटपुटाट ऐकू येत होता, आणि त्या दिवशी त्यांचा सजदा फार लांबला. पडद्यावर माजिदचा दुसरा संदेश आला: कुणी आहे का? मग तिसरा: ती माझ्या बहिणीच्या वयाची आहे.

त्यानंही माझा हात उठला नाही. उठला तो वेगळ्याच गोष्टीनं, आणि ते लिहिताना आजही लाज वाटते. कुठल्यातरी देशातल्या एका अर्धवट शहाण्यानं खाली उत्तर टाकलं: सोपं आहे, सगळं पुसून सिस्टीम नव्यानं घाल. असे दीडशहाणे प्रत्येक फोरमवर असतात, नवीन माणूस दिसला की त्याला घर जाळायला सांगतात. आणि माजिदनं लगेच लिहिलं: ठीक आहे, करतो, धन्यवाद. मी लावलेलं यंत्र! वर्षाचे एक्स-रे त्यात! माझी बोटं आपोआप चालली. "थांबा. काही पुसू नका. घाबरू नका, काहीही हरवलेलं नाही." मग त्या तीन ओळी. पाठवलं तेव्हा तीन पंचवीस झाले होते. बाईसाठी जे झालं नाही ते एका डब्यासाठी झालं. चार मिनिटांनी माजिदचा संदेश आला, सगळा मोठ्या अक्षरांत, अल्लाह तुम्हाला जन्नत देवो. मी नेट बंद केलं. फोन पुन्हा वाजला नाही.

अब्बा थोडा वेळ फोनकडे बघत बसले. वाजत का नाही, हे त्यांना कळेना. संध्याकाळी त्यांनी कपडे चढवले, मग काढून ठेवले.

ती शिक्षिका जगली. आठ-दहा दिवसांनी डॉक्टर सावंत आमच्याकडे आल्या. त्या सांगलीच्या, अब्बांच्याच दवाखान्यात अपघात विभागात होत्या, अम्मीच्या हातच्या भाकऱ्यांसाठी कधीमधी यायच्या. चहा घेताना त्यांनीच विषय काढला. "मानेला मार होता, दाऊदभाई. मान मोडली आहे की नाही ते दिसल्याशिवाय मला तिला हलवता येईना. तेवढ्यात पायाचा रक्तपुरवठा गेला. फोटो दिसला, मान शाबूत होती, मग लगेच रियाधला पाठवली. तिकडे गुडघ्याखाली काढावा लागला पाय." अम्मी म्हणाली, "या अल्लाह." अब्बांनी विचारलं, "आधी दिसलं असतं तर?" डॉक्टर सावंत कपातल्या सायीकडे बघत म्हणाल्या, "कदाचित. कदाचित तरीही गेला असता. असं नाही हो सांगता येत. तुम्ही आजारी होतात, तुमचा काय दोष?" अब्बा उठून मोरीत गेले आणि नळ सोडून बराच वेळ हात धुत राहिले. मी बश्या गोळा केल्या.

खुरूज महिनाभरात आला. कफील म्हणाला, माजिद एकटा सांभाळू शकतो हे त्या दिवशी दिसलं, खलास. त्यात त्याचं काय चुकलं? आमचं सामान जिन्यात मांडलं गेलं, लॅबवाल्यांच्या कुकरसकट. तो कुणी घेतला नाही. निरोपाला माजिद घरी आला, दारातच अब्बांच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि लहान मुलासारखा रडला. त्या उत्तराचा कागद त्यानं छापून यंत्राला चिकटवला होता, तो काढून बरोबर आणला होता. नवा छापून तिथे लावलाय, म्हणाला, हा उस्तादांसाठी आठवण. तुम्ही नव्हतात तेव्हा या कुणी अनोळखी माणसानं मला तारलं. अब्बांनी कागद घेतला आणि उजेडात धरला.

माजिद गेल्यावर आम्ही दोघं खोके बांधत होतो. अम्मी शेजारणींकडे निरोप घ्यायला गेली होती. अब्बांनी चष्मा लावला आणि तो कागद पुन्हा वाचला. पहिलीच ओळ: घाबरू नका, काहीही हरवलेलं नाही. ती त्यांनी माझ्या तोंडून ऐकलेली होती, निळ्या वहीत लिहून घेतली होती. मला वाटलं, आता विचारतील, तू का सांगितलंस? त्यांनी ते विचारलंच नाही. फोरमवरच्या प्रत्येक मजकुरापुढे वेळ छापलेली असते. त्यांनी प्रश्नापुढच्या वेळेवर बोट ठेवलं, मग ते खाली उत्तरापुढच्या वेळेवर आणलं.

"दोन चाळीस," म्हणाले. "तीन पंचवीस. तू कधी वाचलंस गो?"

"लगेच," मी म्हटलं.

 एसी थांबला, पुन्हा सुरू झाला, कुणी अल्हम्दुलिल्लाह म्हणालं नाही. मग त्यांनी कागदाची चौघडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. "कयामतला विचारलं तर हा कागद माझा," ते म्हणाले. "माझ्याच नावावर सांग. तू लहान होतीस." आणि मला दोरीचं टोक धरायला सांगितलं.

दाभोळला मी लग्न केलं नाही, तेवढं अब्बांनी होऊ दिलं नाही. मावशीनं त्यांच्याशी दहा वर्षं अबोला धरला, पण मी शिकले. आज चिपळूणला नव्या लोकांना मी अजून हेच शिकवते, फुकट. कुणी घाबऱ्या आवाजात फोन केला की आधी घड्याळ बघते आणि भाकरी तव्यावर तशीच टाकून उत्तर देते. नवरा चिडतो. आता तर बंद पेट्याही बऱ्याच उघडल्या, कंपन्या आतलं दाखवायला लागल्या, नव्या पोरांना काळी स्क्रीन माहीतही नाही.

अब्बा मागच्या वर्षी गेले. तो कागद त्यांनी शेवटपर्यंत कुणाला दाखवला नाही, मलाही परत दिला नाही. म्हणून हे लिहून ठेवते. त्यांना ठाऊक नव्हतं कोण आलंय ते. मला होतं. तो कागद माझा आहे.